उपग्रहांच्या भरवशावर

परगावी उतरलेला माणूस पूर्वी वाट कशी विचारीत असे, ते आपणांपैकी पुष्कळांना आठवत असेल. स्टेशनाबाहेर पडला की तो पहिल्याने पानवाल्याकडे जाई. पानवाला हात करून दिशा दाखवी आणि वर एक वाक्य हमखास जोडी : "पुढे चौकात गेलात की पुन्हा कुणाला तरी विचारा." पानवाल्याची चूक झाली असली तर चौकातला शिंपी ती दुरुस्त करी, शिंपीही चुकला तर देवळाच्या पायरीवर बसलेले म्हातारबुवा होतेच. आज आपण या व्याख्यानाला आलात ते बहुधा कुणालाही न विचारता. खिशातील मोबाइलने वाट सांगितली. रिक्षावाल्यानेही आपल्या मोबाइलकडे पाहून ती मान्य केली. दोघांनी विचारले मात्र एकालाच, आकाशातील उपग्रहांना. हा साक्षीदार बोलतो कसा, गप्प केव्हा होतो, खोटे केव्हा बोलतो आणि त्याच्या खोट्याची किंमत कोण भरतो, हे आम्हांला आज सांगावयाचे आहे.

विषय विज्ञानाचा आणि बोलणारे कामगार संघटनेचे, याचे कुणाला नवल वाटेल. आम्ही कॉलेजची पायरी चढलेले नाही. पण गेली तीसेक वर्षे गोदीतले, ट्रकवरचे, बोटीवरचे कामगार हेच आमचे सोबती. आणि उपग्रहांची ही विद्या आज ज्यांच्या मानेवर बसली आहे ते हेच लोक. त्यांची भांडणे सोडविता सोडविता यंत्र करते तरी काय, हे समजून घेणे भाग पडले. वाचनालयातून पुस्तके आणली. न समजले ते दोनदा-तीनदा वाचले. तेव्हा असे दिसले, की मूळ कल्पना गिरणगावातल्या कोणत्याही पोराला कळावी इतकी सोपी आहे.

लालबाग-परळच्या गिरण्यांचे भोंगे वडीलधाऱ्यांच्या कानांत अजून असतील. समजा, सकाळी बरोबर सात वाजता एका गिरणीचा भोंगा झाला. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर चालतो. तुमच्या हातातले घड्याळ अगदी बिनचूक आहे आणि तुम्हांला तो भोंगा सातवर तीन सेकंद झाल्यावर ऐकू आला, तर तुम्ही त्या गिरणीपासून एक किलोमीटरवर उभे आहात. कोणत्या बाजूला, ते कळणार नाही. गिरणीभोवती एक किलोमीटरचे वर्तुळ काढा. त्यावर कुठे तरी. मग दुसऱ्या गिरणीचा भोंगा ऐका, दुसरे वर्तुळ निघेल. ही दोन वर्तुळे दोन ठिकाणी एकमेकांना छेदतील. त्या दोहोंपैकी खरे कोणते, ते तिसरा भोंगा सांगेल. नकाशा जवळ असला आणि कोणती गिरणी कोठे आहे ते ठाऊक असले, की आंधळ्या माणसालाही आपण कोठे उभे आहोत ते सांगता येईल.

उपग्रहांची सारी करामत एवढीच आहे. गिरण्यांच्या जागी उपग्रह आणि आवाजाच्या जागी रेडिओ-लहरी. फरक असा, की उपग्रह एका जागी उभे नसतात आणि रेडिओ-लहर सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावते. अमेरिकेच्या जीपीएसचे उपग्रह आपल्या डोक्यावर सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. त्यांचा संदेश आपल्यापर्यंत यावयास सेकंदाचा पंधरावा हिस्सा पुरतो. तेव्हा घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने जरी चुकले, तरी वाटेच्या हिशेबात ३०० मीटरची चूक पडते. म्हणून प्रत्येक उपग्रहावर अणुघड्याळे बसविलेली असतात. आपल्या मोबाइलमध्ये तसले घड्याळ कोठून असणार? त्यासाठी चौथा उपग्रह लागतो. तीन उपग्रह ठिकाण सांगतात आणि चौथ्याच्या आधारे आपल्या घड्याळाची चूक काढली जाते. मौज अशी, की आइन्स्टाइनचे सापेक्षतेचे गणितही येथे रोज कामाला येते : उंचावरील ही घड्याळे जमिनीवरील घड्याळांपेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे धावतात. ते धरले नाही तर एका दिवसात दहा-अकरा किलोमीटरची चूक साचेल.

ही यंत्रणा जन्मली ती लष्करासाठी. जीपीएसचा पहिला उपग्रह १९७८ साली उडाला. १ सप्टेंबर १९८३ रोजी वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलेले कोरियन प्रवासी विमान पाडण्यात आले आणि २६९ माणसे गेली. त्यानंतर अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी ही यंत्रणा सर्व जगाच्या नागरी वाहतुकीस खुली करण्याचे जाहीर केले. १९९५ साली ती पूर्ण झाली. तरीही २००० सालच्या मे महिन्यापर्यंत नागरिकांना मिळणारा संदेश मुद्दाम धूसर केलेला असे. शंभर मीटर इकडे-तिकडे. मालकाच्या मर्जीने तो स्वच्छ झाला. पुढे रशियाने ग्लोनास, युरोपने गॅलिलिओ, चीनने बेईदू आणि आपल्या देशाने नाविक अशा आपापल्या यंत्रणा उभ्या केल्या, त्यामागे हेही एक कारण आहे. आजचे मोबाइल यांतील अनेकांचे संदेश एकदम ऐकतात. पण या सर्वांचा दुबळेपणा एकच आहे, आणि आता त्याकडे वळू.

या उपग्रहांच्या संदेशाची ताकद घरातल्या विजेच्या दिव्याएवढी असते. पृथ्वीच्या व्यासाच्या दीडपट अंतरावर एक दिवा लावला आहे आणि त्याच्या उजेडात आपण वाट शोधतो आहोत, असे समजा. इकडे पोहोचेपर्यंत तो संदेश इतका क्षीण होतो, की आजूबाजूच्या नैसर्गिक रेडिओ-गोंगाटाच्याही खाली दबलेला असतो. यंत्र त्याची ठराविक लय ओळखून त्याला त्या गोंगाटातून वेचून काढते. ही बुद्धिमत्ता खरोखर थक्क करणारी आहे. पण जो आवाज इतका बारीक, तो दाबावयास पहिलवान लागत नाही. त्याच लहरीवर कुणी जवळून नुसती बडबड सुरू केली, की तो गेला. यालाच जॅमिंग म्हणतात.

त्याचे आम्हांला सर्वांत शिकविणारे उदाहरण अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातले आहे. तेथे नेवार्क हा मोठा विमानतळ. २००९ साली विमाने उतरविण्यास मदत करणारी उपग्रहाधारित नवी यंत्रणा तेथे बसविण्यात येत होती. ती मधूनच आंधळी होई आणि थोड्या वेळाने आपोआप बरी होई. कुणा शत्रूचा हात असेल अशी शंका येणे साहजिक होते. शोध घेता घेता कारण सापडले ते विमानतळाला लागून जाणाऱ्या हमरस्त्यावर. तेथून जाणाऱ्या काही गाड्यांत सिगारेट पेटविण्याच्या भोकात खुपसावयाचे एक लहानसे यंत्र असे. मालकाने गाडीवर बसविलेल्या पाळतयंत्राला आपण कोठे आहोत ते कळू नये, म्हणून चालकांनी ते विकत घेतलेले. २०१२ साली असा एक चालक सापडला. ३१,८७५ डॉलर दंडाची नोटीस त्याच्यावर निघाली आणि नोकरीही गेली.

त्याने केले ते वाईटच. विमानातल्या शेकडो जिवांशी तो खेळ होता, आणि आमच्या सभासदाने असे केले तर आम्ही त्याची बाजू घेणार नाही. परंतु तो चालक विमानतळाविरुद्ध काही करीत होता असे नव्हे. विमानतळाचे त्याच्या मनातही नव्हते. दिवसभर कुणीतरी आपल्या पाठीवर डोळे रोखून बसले आहे, चहाला थांबलो तरी त्याची नोंद होते, हे त्याला असह्य झाले होते. धंद्याचा पहारा आणि विमानाची सुरक्षितता ही दोन कामे एकाच क्षीण आवाजाच्या गळ्यात बांधली, की एकाच्या त्रासाने दुसरे बुडते. हा दोष एकट्या चालकाचा म्हणून मिटविता येत नाही.

पहारा म्हटला म्हणजे आमच्याच दप्तरातले एक प्रकरण सांगतो. काही वर्षांपूर्वी उरणच्या बाजूने कंटेनर वाहणाऱ्या एका ट्रेलरचालकाचा खेपेचा भत्ता त्याच्या वाहतूक कंपनीने कापला. कारण, गाडीवरील यंत्राच्या नोंदीप्रमाणे ट्रेलर दुपारी चाळीस मिनिटे रस्ता सोडून उभा होता. आम्ही कचेरीत गेलो. संगणकावरचा नकाशा आम्हांला दाखविण्यात आला. लाल ठिपका रस्त्यापासून बराच दूर, चक्क खाडीच्या पाण्यात! आम्ही विचारले, "चाळीस टनांचा ट्रेलर पाण्यावर उभा होता काय?" साहेब म्हणाले, "यंत्र खोटे बोलत नाही." मग चालकाने खिशातून चुरगळलेला कागद काढला. वजनकाट्याची पावती, तिच्यावर वेळ छापलेली. त्या चाळीस मिनिटांत गाडी काट्यावरच्या रांगेत होती. खुलासा भोंग्याच्या दृष्टान्तावरूनच समजेल. भोंग्याचा आवाज समोरच्या उंच भिंतीवर आपटून आला, तर तो उशिरा पोहोचतो आणि गिरणी आहे त्याहून लांब वाटते. सहा-सहा कंटेनरांच्या लोखंडी थप्प्या आणि क्रेनचे खांब यांच्या मध्ये उभ्या असलेल्या गाडीला आकाशाचा सरळ आवाज कमी आणि प्रतिध्वनी जास्त मिळतो. यंत्र खोटे बोलले नव्हते. त्याने ऐकले त्याचा हिशेब केला, इतकेच. भत्ता परत मिळाला. पुढच्या करारात आम्ही एक ओळ घालून घेतली, की निव्वळ उपग्रहाच्या नोंदीवरून कोणाचा पैसा कापू नये, दुसरा पुरावा पाहावा. त्या ओळीसाठी तीन बैठका लागल्या. आज नागपूर, नवी मुंबईसारख्या शहरांत सफाई कामगारांच्या मनगटावर अशी घड्याळे बांधण्यात आली आहेत. उंच इमारतींमधल्या बोळात झाडू मारणाऱ्या बाईच्या खिशात वजनकाट्याची पावती नसते, हे ध्यानात घ्यावे.

आवाज दाबला तर निदान आवाज गेला हे कळते. याहून वाईट प्रकार दुसरा आहे. त्याला इंग्रजीत स्पूफिंग म्हणतात. मराठीत त्याला तोतयेगिरी म्हटले म्हणजे पुरे. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया निघाला, आणि त्याला खरा भाऊ मानणारी माणसे थोडीथोडकी नव्हती. तसाच हुबेहूब उपग्रहासारखा, पण थोडा अधिक मोठा आवाज कुणी जमिनीवरून काढला, तर यंत्र खऱ्याला सोडून त्याच्या मागे जाते. नागरी वापराच्या मूळ जीपीएस संदेशावर सहीशिक्का काही नाही; त्याची घडण जगजाहीर आहे. २०१३ साली टेक्सास विद्यापीठाचे प्राध्यापक टॉड हम्फ्रीज आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी भूमध्य समुद्रात, मालकाच्या परवानगीने, 'व्हाइट रोझ ऑफ ड्रॅक्स' या ६५ मीटर लांबीच्या नौकेवर हा प्रयोग केला. बॅगेत मावणारी सामग्री. तोतया आवाज आधी खऱ्याच्या बरोबरीने लावला आणि मग हळूहळू वाढविला. नौका मार्ग सोडून वळली, तरी पडद्यावरची रेघ सरळच होती. एकही घंटा वाजली नाही.

प्रयोगातली गोष्ट पुढे खुल्या समुद्रात आली. जून २०१७ मध्ये काळ्या समुद्रात, नोव्होरोसिस्क बंदराजवळ, वीसहून अधिक जहाजांना आपण समुद्रात नसून गेलेंजिकच्या विमानतळावर आहोत असे दिसू लागले; विमानतळ तेथून सुमारे ३२ किलोमीटर लांब आणि जमिनीवर. जहाज धावपट्टीवर उभे असल्याचे पाहून कप्तान सावध झाला, हे ठीक. पण तोतयाने अर्ध्या मैलाचेच खोटे सांगितले असते तर? सप्टेंबर २०२३ पासून इराक-इराणच्या आकाशात प्रवासी विमानांना हाच अनुभव येऊ लागला. विमान अकरा किलोमीटर उंचीवर आणि यंत्र ओरडते आहे, जमीन आली, वर घ्या! अशा खोट्या हाका वारंवार ऐकल्यावर खरी हाक आली तर वैमानिकाने काय करावे, हा प्रश्न आहे. आपल्या देशातही नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात, मुख्यतः अमृतसर आणि जम्मूच्या बाजूला, अशा ढवळाढवळीच्या ४६५ घटना नोंदल्या गेल्याचे सरकारने लोकसभेत सांगितले. जेथे लढाई किंवा तिची धास्ती असते तेथे सैन्ये ड्रोनांना चकविण्यासाठी हे करतात. वाटेवरच्या परक्या माणसाला त्याचा फटका बसतो. मे २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ 'एमएससी अँटोनिया' हे कंटेनरवाहू जहाज रुतले, तेव्हाही संशय याच गोष्टीचा घेतला गेला.

इथपर्यंत कुणी ना कुणी गैर करणारा होता. आता ज्यात शत्रू नाही, चोर नाही, केवळ एक तार निसटली, अशी हकीकत सांगावयाची आहे. तिच्यावर आम्ही सर्वांत जास्त वेळ घालविला.

'रॉयल मॅजेस्टी' हे प्रवासी जहाज ९ जून १९९५ रोजी दुपारी बर्म्युडा बेटावरून अमेरिकेतील बोस्टनकडे निघाले. जहाजावर १,५०९ माणसे. निघाल्यापासून तासाभराच्या आतच जीपीएसच्या अँटेनाची तार जोडातून सुटली. यंत्र बंद पडते तर बरे झाले असते. पण ते बंद न पडता अंदाजावर आले. म्हणजे शेवटचे ठिकाण, जहाजाचा वेग आणि तोंडाची दिशा एवढ्यावरून पुढचे ठिकाण काढीत राहिले. वारा आणि पाण्याचा ओढ यांची त्याला खबर नाही. पडद्याच्या कोपऱ्यात दोन-तीन बारीक अक्षरे उमटली, एक घंटा क्षणभर किणकिणली आणि थांबली. आपोआप सुकाणू धरणारे यंत्र या आकड्यांवर विसंबून होते. आकडे अंदाजाचे आहेत हे त्याला कुणी सांगितले नाही. ३३-३४ तास जहाज थोडे थोडे पश्चिमेकडे सरकत राहिले.

जहाजावर लोरान नावाचे, जमिनीवरच्या मनोऱ्यांवरून ठिकाण काढणारे दुसरे यंत्र होते आणि ते चालू स्थितीत होते. त्याच्याशी आकडे ताडून पाहिले असते तर चूक तेव्हाच उघडी पडती. ते कुणी पाहिले नाही. दुसऱ्या दिवशी सायंकाळी जिथे एक खुणेचा बोया दिसावयाचा, तिथे रडारवर एक ठिपका आला. तोच तो असे धरून चालले. वास्तविक तो दुसराच, पंधरा मैल दूरचा बोया होता. पुढचा बोया तर दिसलाच नाही. कप्तानाने विचारले, बोया दिसला ना? पहाऱ्यावरचा अधिकारी हो म्हणाला. पडद्याप्रमाणे तो तिथे असलाच पाहिजे, अशी त्याची खात्री!

आणि त्याच वेळी डोलकाठीच्या पिढीतले एक काम जहाजावर अजून शिल्लक होते : नजर ठेवणारे दोन खलाशी. त्यांना डावीकडे पिवळा दिवा दिसला, त्यांनी सांगितले. मग उंचावर लाल दिवे दिसले. त्यांनी तेही सांगितले. हे दिवे जमिनीवरचे होते. शेवटी समोर निळे-पांढरे पाणी दिसले, म्हणजे उथळावर फुटणारी लाट. तेही त्यांनी सांगितले. अधिकाऱ्याने प्रत्येक वेळी ऐकले आणि जहाज तसेच पुढे जाऊ दिले. रात्री १० वाजून २५ मिनिटांनी नॅनटकेट बेटाच्या पूर्वेला दहा मैलांवरील उथळावर जहाज चढले. असावयाच्या जागेपासून ते सुमारे १७ मैल दूर होते. कुणी दगावले नाही. समुद्र त्या रात्री शांत होता. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशी करून सर्व तपशील १९९७ साली प्रसिद्ध केला. तो आम्ही एका गोदी कामगारांच्या बैठकीत सांगितला, तेव्हा मागून एकजण म्हणाला, "त्या दोघांचा पगार किती असेल हो?" हशा पिकला. पण प्रश्न बरोबर होता. सर्वांत कमी पगाराची दोन माणसे खरे सांगत होती आणि लाखाचे यंत्र चुकत होते. ऐकणाऱ्याने पगाराप्रमाणे वजन दिले.

वाटेची गोष्ट इतकी बोललो, पण उपग्रह वाटेइतकीच आणखी एक गोष्ट गुपचूप पुरवितात : वेळ. मोबाइलचे मनोरे, विजेची जाळी, बँका आणि शेअरबाजार यांची घड्याळे पुष्कळ ठिकाणी याच अणुघड्याळांशी जुळविलेली असतात. २६ जानेवारी २०१६ रोजी जीपीएसचा एक म्हातारा उपग्रह सेवेतून काढताना चुकीची माहिती वर चढविली गेली आणि अनेक उपग्रहांनी सांगितलेली वेळ १३.७ मायक्रोसेकंदांनी चुकली. वाट दाखविण्यात फरक पडला नाही. पण बारा-तेरा तास दूरसंचाराच्या यंत्रांवर धोक्याच्या घंटा वाजत राहिल्या आणि ब्रिटनमध्ये डिजिटल रेडिओच्या प्रसारणात अडथळे आले. युरोपची गॅलिलिओ तर जुलै २०१९ मध्ये जवळजवळ आठवडाभर बंद होती. मुंबईकरांना घड्याळाचे राजकारण नवे नाही. १९०६ साली सरकारने ३९ मिनिटे पुढची प्रमाणवेळ लादली, तेव्हा गिरणी कामगारांनी विरोध केला आणि मुंबईच्या नगरपालिकेने 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत सोडला नाही. निदान तेव्हा घड्याळ कुणी बदलले ते सर्वांना दिसत होते.

आपल्या नाविकचेही घोडे या घड्याळांपाशीच अडले. तिचा पहिला उपग्रह जुलै २०१३ मध्ये गेला. त्याच्यावरची तिन्ही आयात अणुघड्याळे बिघडली. त्याच्या जागी पाठविलेला उपग्रह ऑगस्ट २०१७ मध्ये अग्निबाणाच्या टोपणातून बाहेरच पडला नाही. मे २०२३ मध्ये देशी बनावटीचे अणुघड्याळ घेऊन नवा उपग्रह यशस्वीपणे गेला, ही अभिमानाची गोष्ट. पण त्याचा पाठीराखा, जानेवारी २०२५ मध्ये श्रीहरिकोट्याच्या शंभराव्या उड्डाणाने गेलेला, झडप न उघडल्यामुळे नेमलेल्या कक्षेत पोहोचला नाही. त्याच वर्षी संसदेत दिलेल्या उत्तराप्रमाणे ठिकाण सांगण्याच्या कामी चारच उपग्रह उरले होते. ठिकाण काढावयास किमान चार लागतात, हे वर आलेच आहे. स्वतःची यंत्रणा हवीच, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण ती दुसऱ्याच्या उपग्रहांना पर्याय आहे. उपग्रहांनाच पर्याय कोणता, हा प्रश्न तिने सुटत नाही.

तो पर्याय होता, आणि काटकसर म्हणून मोडला गेला. ज्या लोरानने 'रॉयल मॅजेस्टी'ला वाचविले असते, ती यंत्रणा अमेरिकेने फेब्रुवारी २०१० मध्ये बंद केली. ब्रिटनने तिचा सुधारलेला अवतार २०१५ च्या अखेरीस बंद केला. जमिनीवरचा तिचा आवाज उपग्रहांच्या लाखो पट मोठा. गाडीतल्या चिमुकल्या यंत्राने तो दबत नाही. ठिकाण ती इतके काटेकोर सांगत नाही, हे खरे. पण पानवाल्याने सांगितलेले ताडून पाहावयास शिंपी पुरतो. आता ब्रिटिश सरकारने तीच पुन्हा उभारण्यासाठी २०२५ साली पैसा जाहीर केला आहे. अमेरिकेच्या नौदल अकादमीने ताऱ्यांवरून ठिकाण काढण्याचे शिक्षण १९९८ च्या सुमारास अभ्यासक्रमातून काढले होते, ते २०१५ साली परत घातले. मध्यंतरीच्या वर्षांत जे अधिकारी झाले त्यांना ते कोण शिकविणार, असा प्रश्न तेव्हा उभा राहिला असणार. आमच्या धंद्यात असेच होते. जुना कारागीर निवृत्त झाला की त्याची जागा रद्द करतात, आणि दहा वर्षांनी त्याचा पत्ता शोधीत फिरतात.

दिल्लीच्या विमानतळाची गोष्ट यासाठी लक्षात ठेवावी. नोव्हेंबर २०२५ मध्ये तेथे उपग्रहाधारित पद्धतीने एका धावपट्टीवर उतरणाऱ्या काही विमानांना तोतया संदेश मिळाले. त्या विमानांसाठी पर्यायी पद्धत वापरावी लागली. परंतु ज्या धावपट्ट्यांवर जमिनीवरची जुनी यंत्रणा चालू होती तेथील काम अडले नाही, असे सरकारने संसदेत सांगितले. अशा जुन्या यंत्रणांचे किमान जाळे देशात राखून ठेवले आहे, असेही त्या उत्तरात आहे. आता असा प्रकार दिसताच दहा मिनिटांत कळवावे, असा विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम झाला आहे. 'किमान' म्हणजे किती आणि ते चालविणारे तंत्रज्ञ किती, ही विचारपूस मात्र करीत राहावयास हवी. कारण पुढच्या काटकसरीत कात्री पहिल्यांदा तिथेच लागेल.

आणि आपल्या किनाऱ्यापुरते बोलावयाचे तर पालघरचे. त्या जिल्ह्यातले पुष्कळ खलाशी गुजरातच्या बोटींवर कामाला जातात. पाण्यावर सीमेची रेघ ओढलेली नसते. ती ओलांडल्याच्या आरोपावरून त्यांच्यापैकी कित्येक पाकिस्तानच्या तुरुंगात वर्षे काढून आले आहेत. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरलाच पंतप्रधानांच्या हस्ते एका योजनेची सुरुवात झाली : देशातील एक लाख मासेमारी बोटींवर, सुमारे ३६० कोटी रुपये खर्चून, इस्रोने तयार केलेली पेटी बसवावयाची. संकटात हाक देता यावी, वादळाची खबर मिळावी, सीमा जवळ आली की इशारा मिळावा. योजना चांगली आहे आणि कोळी बांधवांनी ती घ्यावी असेच आम्ही सांगतो. फक्त त्या पेटीबरोबर तीन गोष्टी मागून घ्याव्या. बोटीवर तपासलेले चुंबकी होकायंत्र असावे. पेटी गप्प झाली किंवा तिचे आणि होकायंत्राचे पटेनासे झाले, तर तोंड किनाऱ्याकडे कसे वळवावे, हे तांडेलाला आणि नव्या पोरांना मराठीत-गुजरातीत शिकविण्याची सोय बंदरावर असावी. दोराला वजन बांधून खोली मोजणारे आणि डोंगराच्या दोन खुणा एका रेषेत धरून घरी येणारे म्हातारे तांडेल अजून आहेत, त्यांना त्यासाठी मानधन द्यावे. आणि पेटीच्या नोंदीवरून बोट सीमेपार गेली असे दिसले, तर तेवढ्यावरून त्या खलाशाचा परवाना रोखू नये किंवा मजुरी कापू नये; त्याचे म्हणणे आणि शेजारच्या बोटीवरच्यांचे म्हणणे आधी लिहून घ्यावे.